घरात असून नसण्याची मुभा

व्हीआर हेडसेटच्या जाहिरातीत घर कसं असतं ते एकदा नीट पाहावं. भिंतभर खिडकी, लाकडी जमीन, दूर कडेला एक सोफा, आणि मधे काहीही नाही. टीपॉय नाही, दोरीवर वाळणारे कपडे नाहीत, अभ्यासाला बसलेलं पोर नाही. डोळ्यांवर हेडसेट चढवलेला माणूस त्या मोकळ्या जागेत हात पसरून उभा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर अचंबा असतो. मला त्या हेडसेटचा हेवा कधी वाटला नाही. हेडसेट काय, हप्त्यांवरही घेता येतो. हेवा वाटतो तो त्या रिकाम्या फरशीचा.

मेटाच्या क्वेस्टला चालत-फिरत खेळायचं तर २ मीटर बाय २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा हवी. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर २ चंही माप तेच. गुणाकार केला की ४२ चौरस फूट भरतात. ऐकायला किरकोळ. पण मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं आणि आता ३०० आहे. त्यात ओटा, न्हाणी, संडास सगळं आलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे एकाच्या खेळापायी घराचा चौथा हिस्सा रिकामा करावा लागेल.

तरीही ‘आमच्या घरात व्हीआरला जागा नाही’ ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. जागेचा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनी बराचसा सोडवलाय, आणि तो सोडवता सोडवता त्यांच्या हातून या माध्यमातले सर्वांत चांगले खेळ घडलेत. त्यांना न सुटलेला प्रश्न दुसराच आहे. लहान घरातली जमीन मोकळी नसते ती सामानामुळे कमी आणि माणसांमुळे जास्त. सामान सरकवता येतं.

आधी जागेचं बघू. २०१६ च्या मार्चमध्ये ऑक्युलस रिफ्ट बाजारात आला तेव्हा खोक्यात एक्सबॉक्सचा साधा गेमपॅड होता. खुर्चीत बसायचं, हेडसेट चढवायचा, बोटांनी खेळायचं. पुढच्याच महिन्यात एचटीसीचा व्हाइव्ह आला. त्याने खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उंचावर दोन पेट्या लावायला सांगितल्या आणि म्हटलं, आता चाला. त्यासाठी किमान जागा २ मीटर बाय दीड मीटर. एकदा चालून पाहिल्यावर अनेकांना बसून खेळणं फिकं वाटू लागलं, आणि ते साहजिक होतं. डोळ्यांना दिसणारं पाऊल आणि पायांनी टाकलेलं पाऊल एकच असलं की मेंदू कुरकुर करत नाही. अंगठ्याने जॉयस्टिक पुढे ढकलून चाललं तर डोळे म्हणतात धावतोय आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं, कुठे काय, उभा तर आहे. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना जे होतं त्याचाच हा उलटा प्रकार: मळमळ, घाम, मग दोन तास नुसतं पडून राहणं. मोठ्या घरातला चालतो, लहान घरातला जॉयस्टिक ढकलतो. जागेची टंचाई अशी थेट पोटात येते.

यावर संशोधकांनी एक गमतीदार युक्ती काढली. चालणाऱ्याला पत्ता लागू न देता वळवायचं. समोरचं दृश्य त्याच्या नकळत जरा जरा फिरवत राहिलं की माणूस सरळ चालतोय असं समजून प्रत्यक्षात गोल फिरतो आणि भिंत कधी येतच नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या शरीफ रझ्झाक यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे २०१० मध्ये फ्रँक श्टायनिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस किती फसतो ते मोजलं. फसवणूक जाणवू द्यायची नसेल तर वर्तुळाची त्रिज्या निदान २२ मीटर हवी. म्हणजे ४४ मीटर रुंद मैदान. शिवाजी पार्कात जमेल. शिवाजी पार्कसमोरच्या फ्लॅटातसुद्धा जमणार नाही.

प्रयोगशाळेने मैदान मागितलं, तर खेळ रचणाऱ्यांनी खोली दुमडली. ‘टी फॉर गॉड’ नावाचा एक खेळ आहे. तो आधी तुमच्या मोकळ्या जागेचं माप घेतो आणि त्या मापात बसतील अशा बोळ-खोल्या रचतो. तुम्ही बोळातून वळता, दार ओलांडता, लिफ्टमध्ये शिरता; तेवढ्यात मागची खोली नाहीशी झालेली असते आणि तिच्याच जागी, त्याच चार फरश्यांवर, नवी खोली मांडलेली असते. पाय खरोखर चालतात, जॉयस्टिकला हात लावावा लागत नाही, आणि तासाभरात तुम्ही भलंमोठं यंत्रनगर पालथं घालता. ‘आय ऑफ द टेम्पल’ हेच काम दगडी फळ्यांकडून करून घेतो. एका सरकत्या फळीवरून दुसरीवर पाऊल टाकायचं, फळी तुम्हाला देवळात आणखी आत नेते, आणि तुम्ही घरात मात्र २ मीटरच्या चौकोनातच मागेपुढे होत असता. एका खोलीत सकाळी स्वयंपाक, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री अंथरुणं हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. तीच जमीन पुन्हा पुन्हा वापरायची ही युक्ती गिरगावात किंवा परळात वाढलेल्या माणसाला काही नवी वाटणार नाही.

दुसरी वाट याहून सोपी: खेळाडूला जगाकडे पाठवू नका, जगालाच त्याच्याकडे येऊ द्या. प्रागमधल्या एका छोट्या चमूने २०१८ मध्ये आणलेला ‘बीट सेबर’ म्हणजे एवढंच. तुम्ही जागचे हलत नाही, गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे अंगावर येतात आणि दोन्ही हातांतल्या प्रकाशाच्या तलवारींनी ते कापायचे. ‘जॉब सिम्युलेटर’मध्ये ऑफिसचं एक खुराडं असतं, हात लांबवला की सगळं हाताशी. ‘सुपरहॉट’मध्ये तुम्ही हललात तरच वेळ हलते, गोळी नाकासमोर थबकलेली असते आणि आपण सावकाश मान वाकडी करून तिला वाट देतो. या खेळांत जागेच्या मर्यादेवर कशीबशी मात केलेली नाही. त्यांची सगळी मजाच त्या मर्यादेतून आलीय. याउलट, मैलोन्‌मैल मोकळं जग दाखवणारे खेळ व्हीआरमध्ये बहुधा उधार आणलेले वाटतात, टीव्हीच्या पडद्यावरून उचलून डोळ्यांना बांधल्यासारखे. २०२० मधला ‘हाफ-लाइफ: अलिक्स’ पुरं शहर उभं करतो, पण माझ्या लक्षात राहिली ती त्यातली खिडकीची काच, जिच्यावर मार्करने खरोखर लिहिता येतं. हाताच्या टप्प्यातली वस्तू हेच या माध्यमाचं बलस्थान आहे, आणि हाताच्या टप्प्याला साडेसहा फूट पुरतात. कुरकुर कशाला, पाच फुटांतही पुष्कळ भागतं.

अर्थात घराच्या काही खोड्या हेडसेटला ठाऊक नसतात. तो तुमच्याभोवती हद्द आखून देतो. हात तिच्याजवळ गेला की डोळ्यांसमोर जाळी उभी राहते. पण त्या हद्दीला भिंती असतात, छत नसतं. पावणेतीन मीटर उंचीच्या आपल्या खोलीत पंख्याची पाती जमिनीपासून साधारण आठ फुटांवर फिरतात. मध्यम उंचीच्या माणसाचा वर केलेला हात सात फुटांवर जातो, मुठीत कंट्रोलर असतो, आणि वरून येणारा ठोकळा कापायला तो जराशी उडी मारतो. पोटमाळा असेल तर विचारायलाच नको. म्हणून पंखा बंद. पंखा बंद केला की मे महिन्यात पाच मिनिटांत भिंगांवर वाफ धरते. त्यावर चांगला तोडगा म्हणजे टेबलफॅन एका ठरावीक बाजूला ठेवणं. घाम येत नाही, मळमळही कमी होते, आणि वारा गालावर कुठून लागतोय त्यावरून आपलं तोंड कुठे आहे ते कळतं. पायाखाली पायपुसणं किंवा चटईचा तुकडा घालावा. आपण घरात अनवाणी वावरतो त्याचा इथे फायदाच होतो: टाच काथ्यावरून गुळगुळीत फरशीवर गेली की डोळ्यांआधी पायाला समजतं, आपण मध्य सोडला. लोखंडी कपाटाच्या दारावरचा आरसा चादरीने झाकायचा, कारण हेडसेटचे कॅमेरे आरशातल्या खोलीला खरी खोली समजून गोंधळू शकतात. खिडकीतलं ऊन भिंगांवर पडू द्यायचं नाही, नाहीतर आतला पडदा जळतो. आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांची झोपायची वेळ कुठली, याची चौकशी आधीच केलेली बरी.

इथवरचं सगळं सांगून, दाखवून जमण्यासारखं आहे. माणसांचं तसं नाही.

माहितीपत्रक विचारतं, मोकळी जागा किती? एका खोलीच्या घरात तो प्रश्न ‘कधी’ आणि ‘कुणाची’ असा असतो. टीपॉय भिंतीला लावला, खुर्च्या गॅलरीत नेल्या, तरी ती जमीन दुपारी जेवणाऱ्यांची आहे, संध्याकाळी शिकवणीच्या पोरांची आहे, रात्री अंथरुणांची आहे. सगळे झोपल्यावर खेळावं म्हटलं तर जमीनच नाही. जमीन मिळाली तरी दिवा हवा, कारण हे कॅमेरे अंधारात चाचपडतात. म्हणजे एकाच्या खेळासाठी चौघांच्या डोळ्यांवर ट्यूबलाइट.

याहून मोठी अडचण अशी की हेडसेट घातलेला माणूस घरातून गेलेलाही असतो आणि घरात जास्त मावेनासाही झालेला असतो. दाटीतलं एकटेपण आपल्याला अनोळखी नाही. चाळीतला माणूस ते रोज कमावतो. तोंडासमोर पेपर धरला की तो वाचनालयात गेला. कानाला ट्रान्झिस्टर लावला की ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेला. आता इअरफोन आहेत. कुणी कपडे बदलत असेल तर बाकीचे भिंतीकडे पाहतात, त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण या सगळ्या अर्ध्या रजा होत्या. पेपर वाचणाऱ्याचे कान घरात असत, रेडिओ ऐकणाऱ्याचे डोळे घरात असत. दूध उतू जायला लागलं की दोघेही उठत. शिवाय त्यांची रजा कुणाची जागा खात नव्हती. पेपरवाला जितका आत बुडे तितका तो कोपऱ्यात आक्रसून बसे. हेडसेटवाला डोळे नेतो, कान नेतो आणि हात मोकाट सोडून जातो. पाणी प्यायला उठलेली आजी भिंतीला चिकटून, त्याचा हात कुठून येतोय ते बघत माठापाशी जाते. रांगतं पोर कुणीतरी उचलून धरायचं. एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी राखण करायची.

नव्या उपकरणांत यावर उपाय आहेत. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये हेडसेटवर बोटाने दोनदा टिचकी मारली की भोवतालची खोली रंगीत दिसायला लागते. हद्दीत कुणी शिरलं तर तशी सूचनाही देता येते. चांगलंच आहे. पण ही सोय आजीचा धक्का मला लागू नये म्हणून आहे. माझा हात आता कुठे फिरणार हे आजीला कळण्याची सोय त्यात नाही. निन्टेंडोला २००६ मध्ये ‘वी’ या गेमयंत्राच्या कंट्रोलरची मनगटात अडकवायची दोरी बदलून द्यावी लागली, ३२ लाख दोऱ्या, कारण कंट्रोलर हातातून सुटून टीव्हीवर जाऊन आदळत होते. तेव्हा निदान खेळणाऱ्याला टीव्ही दिसत तरी होता.

घरात असून नसण्याची ही मुभा मिळते कुणाला? जागेच्या वादात हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बारावीच्या मुलाला ती मिळते, ‘त्याला हाक मारू नका’ असं बाकीच्यांना बजावलेलं असतं. कामावरून आलेल्या पुरुषाला अर्धा तास मिळतो. घर चालवणाऱ्या बाईला कुणी मनाई केलेली नसते; ‘तूही घालून बघ ना’ असं कौतुकाने म्हणतातही. ती घालते, डोंगर पाहते, ‘अगंबाई’ म्हणते आणि दोन मिनिटांत काढून ठेवते. घरच्यांना वाटतं, तिला नाही आवडलं. तिचा कान कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि पुरुष ९७ मिनिटं. ही मिनिटं हाताने केलेल्या कामाची. काम नसताना ‘लागलं तर मी आहे’ म्हणून सावध राहण्याची मिनिटं अशा हिशेबात सहसा धरली जात नाहीत, आणि हेडसेट नेमकी तीच मागतो. मोबाइल त्या सावधपणातही पाहता येतो, मालिका पाहता येते, विणकाम करता येतं. व्हीआरला पूर्ण गैरहजेरी लागते. चार खोल्यांच्या बंगल्यातही ती एखाद्या बाईला मिळत नसेल आणि एका खोलीत राहणाऱ्या, सासू-नणंदेशी नीट वाटणी ठरवलेल्या बाईला मिळत असेल. चौरस फुटांशी याचा संबंध आहे, पण वाटतो तितका नाही.

म्हणूनच ‘खरं जग सगळ्यांना पुरणार नाही, तर गरिबाला आभासी महाल द्या’ हा सिलिकन व्हॅलीतला युक्तिवाद मला पटत नाही. ऑक्युलसचे तंत्रप्रमुख राहिलेले जॉन कार्मॅक यांनी अशा अर्थाचं मांडलं होतं की प्रत्येकाला अब्जाधीशाचं खासगी बेट देता येणार नाही, पण त्याचा बराचसा अनुभव देता येईल. गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन २०२१ मध्ये आणखी पुढे गेले: आजूबाजूचं वास्तव ज्यांच्यासाठी सुंदर आहे असे लोक मूठभरच, बाकीच्यांसाठी पडद्यातलं जगच अधिक समृद्ध, असा त्यांचा सूर होता. यात दयाबुद्धी असेलही, पण हिशेब कच्चा आहे. आभासी महालालाही खरी जमीन लागते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठीच तर महाल बांधायचा होता. अर्नेस्ट क्लाइनच्या ‘रेडी प्लेअर वन’ या २०११ च्या कादंबरीतला मुलगा एकावर एक रचलेल्या ट्रेलरघरांच्या वस्तीत राहतो आणि सगळं आयुष्य आभासी जगात काढतो. पण त्यासाठी तो जातो कुठे? भंगार गाड्यांच्या ढिगात पुरल्या गेलेल्या एका व्हॅनमध्ये, जी फक्त त्यालाच माहीत आहे. माणसांनी भरलेल्या घरातून निसटायला आधी बिनमाणसांची जागा लागते हे कादंबरीकाराला दिसलं होतं.

बाजारालाही ते दिसलंय. जागा ताशी भाड्याने देणारे अड्डे त्यातूनच निघाले. लहान घरांच्या टोकियोत बंदाई नामकोने २०१७ मध्ये शिंजुकूत ‘व्हीआर झोन’ थाटलं. ते दोन वर्षंही टिकलं नाही. आपल्याकडे लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात ‘स्मॅश’ उघडलं, तिथेही व्हीआर आलं. ज्या गिरण्यांचे कामगार १० बाय १० च्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, त्या गिरण्यांच्या जमिनीवर आता मोकळे हातपाय हलवायचे पैसे पडतात. मित्रांबरोबर वर्षातून एकदा जायला ते ठीक. रोजच्या खेळाचं घर ते होऊ शकत नाही.

मग लहान घराने काय करावं? माझं मत, माणसांपासून पळायला लावणारे खेळ त्याने जरा मागे ठेवावेत आणि माणसं लागणारे पुढे घ्यावेत. असे खेळ कमी आहेत, कारण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खेळाडू एकटाच उभा असतो. त्यातला एक मात्र जणू चाळीसाठीच केलाय. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’, २०१५ चा. हेडसेट घातलेल्यासमोर टिकटिकणारा बॉम्ब असतो. तो निकामी कसा करायचा हे सांगणारी पुस्तिका बाकीच्यांच्या हातात असते, साध्या कागदावर छापलेली. त्याला पुस्तिका दिसत नाही, यांना बॉम्ब दिसत नाही. ‘तारा किती? लाल आहे का? शेवटची कुठली?’ असं नुसत्या बोलण्यावर काम. खेळाडूला फिरावं लागत नाही, सेटीवर बसूनही जमतं. कान घरातच राहतात, नव्हे, राहावेच लागतात. पुस्तिका इंग्रजीत आहे, तेव्हा बारावीच्या मुलाने वाचायची, आजोबांनी ‘सावकाश, सावकाश’ म्हणून दोघांनाही आणखी घाबरवायचं, आणि हेडसेट आईच्या डोळ्यांवर द्यायचा. कुकरचा गॅस तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी बघावा.